आवक शिक्का कोणी मारायचा?

शंकाकार : संगणकांची घड्याळे जाळ्यावरून जुळवण्याचा प्रश्न सुटून चाळीस वर्षे झाली, असे मी धरून चालतो. डेव्हिड मिल्स यांनी १९८५ साली एनटीपीचा आराखडा मांडला आणि तेव्हापासून जगातली बहुतेक यंत्रे त्याच रीतीने आपली वेळ दुरुस्त करत आली आहेत. इंटरनेटवरून काही मिलिसेकंदांपर्यंत वेळ जुळते. एकाच इमारतीतल्या जाळ्यावर ती काही दहा मायक्रोसेकंदांपर्यंतही जुळते. त्यासाठी वेगळे कार्ड लागत नाही, वेगळी तार लागत नाही. आता मात्र नेटवर्क कार्डाच्या आतच आणखी एक घड्याळ हवे, आलेल्या पॅकेटवर वेळेचा शिक्का त्या कार्डानेच मारला पाहिजे, असा आग्रह वाढला आहे. हार्डवेअर टाइमस्टॅम्पिंग हे त्याचे नाव. मला याची गरज समजावून सांगा. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्येच दाखवून दिले की कोणती घटना आधी आणि कोणती नंतर हे ठरवायला दरवेळी घड्याळ लागत नाही. निरोप पाठवल्याशिवाय पोचत नाही, एवढ्या साध्या नियमावरही क्रम लावता येतो. बँकेचा हिशेब, रेल्वेचे आरक्षण, दुकानाचा साठा यांचे काम क्रमावर चालते. मग अब्जांश सेकंदांची ही ओढ कोणासाठी?

पुरस्कर्ता : लॅम्पोर्ट यांचा नियम ज्या यंत्रांमध्ये निरोप गेला त्यांच्यापुरता आहे. एका उपकेंद्रात विजेची वाहिनी तुटली आणि तीनशे किलोमीटरवरच्या दुसऱ्या उपकेंद्रात दाब खाली आला, तर त्या दोन ठिकाणच्या संगणकांनी एकमेकांना काहीच कळवलेले नसते. त्यांना जोडले ते तारेतल्या विजेने. आधी काय झाले हे सांगायला तिथे सामाईक वेळेखेरीज दुसरा आधार नाही. गरजेकडे मी परत येईन, पण आधी ही रीत चालते कशी ते पाहू, कारण दुखणे तिथे आहे. एनटीपी असो की त्यानंतरचे, जास्त बारीक वेळेसाठीचे पीटीपी, सगळा हिशेब चार नोंदींचा आहे. प्रश्न निघाला तेव्हा विचारणाऱ्याच्या घड्याळात किती वाजले होते, तो पोचला तेव्हा सांगणाऱ्याच्या घड्याळात किती, उत्तर निघाले तेव्हा सांगणाऱ्याच्या किती आणि ते पोचले तेव्हा विचारणाऱ्याच्या किती. यावरून जाण्यायेण्याचा एकूण वेळ काढायचा, त्यातला निम्मा जाण्याला आणि निम्मा येण्याला लागला असे धरायचे आणि घड्याळांतला फरक सांगायचा. चारांतल्या दोन नोंदी आवकेच्या आहेत, आणि ‘आवक’ या शब्दात मोठी गफलत लपलेली आहे. कचेरीत टपाल सोमवारी येऊन टेबलावर पडते. लिपिक हातातले काम उरकून बुधवारी ते उघडतो आणि बुधवारचा शिक्का मारतो. शिक्का खोटा नसतो, पण तो सांगतो लिपिकाच्या फुरसतीचा दिवस. टपाल आले तो दिवस त्यावरून कळत नाही.

संगणकात हेच होते, फक्त मायक्रोसेकंदांत. पॅकेटचे बिट तारेवरून कार्डात शिरतात. कार्ड ते मुख्य स्मृतीत नेऊन ठेवते आणि प्रोसेसरला हाक मारते. ही हाकही लगेच जात नाही. प्रत्येक पॅकेटसाठी प्रोसेसरला थांबवणे महाग पडते म्हणून कार्ड काही पॅकेटे गोळा होईपर्यंत वाट पाहते, त्यात काही दहा मायक्रोसेकंद सहज जातात. प्रोसेसर वीज वाचवण्यासाठी गाढ झोपलेला असेल तर त्याला उठायला आणखी तेवढेच, कधी शंभराच्या वर. उठल्यावर तो आधीची अर्धवट कामे पाहतो, मग कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, पॅकेट हातात घेतो आणि घड्याळ बघतो. शिक्का कर्नलने न मारता त्याच्यावरच्या प्रोग्रॅमने मारला, तर त्या प्रोग्रॅमची पाळी येईपर्यंतचा वेळही त्यात मिसळतो. कार्डाने मारलेला शिक्का या सगळ्याच्या अलीकडचा आहे. इथरनेटच्या प्रत्येक चौकटीपुढे सात बाइटांची सलामी असते आणि मग चौकट सुरू झाली असे सांगणारा एक बाइट. तो बाइट दिसला की कार्डातल्या मोजणीयंत्राचा आकडा तिथल्या तिथे पकडून ठेवला जातो. १२५ मेगाहर्ट्‌झवर चालणारे मोजणीयंत्र असेल तर त्याची पायरी ८ नॅनोसेकंदांची. प्रोसेसर झोपला होता की धावत होता, याने त्या आकड्यात काही फरक पडत नाही.

शंकाकार : हे वर्णन मला मान्य आहे, पण यावर उपाय सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून आहे. एनटीपी एकाच उत्तरावर विसंबत नाही. ते शेवटचे आठ नमुने जवळ ठेवते आणि ज्याला जाण्यायेण्याला सर्वांत कमी वेळ लागला तो नमुना उचलते. त्यामागचा तर्क पक्का आहे. पॅकेट रांगेत अडकले तर उशीर वाढतो, न अडकता आले तर उशीर कमीत कमी असतो. म्हणून सर्वांत झटपट फेरी हीच सर्वांत विश्वासू. लिपिकाची दिरंगाई रोज वेगळी असेल, तर ज्या दिवशी तो मोकळा होता त्या दिवशीचा शिक्का धरा. गोंगाट संख्याशास्त्राने गाळता येत असताना त्यासाठी सिलिकॉन खर्च करणे मला उधळपट्टी वाटते.

पुरस्कर्ता : गाळणीचा उपाय कुठे लागू पडतो ते नीट पाहिले पाहिजे. सरासरीने गोंगाट नाहीसा होतो तो दोन्ही बाजूंना सारखा असेल तर. इथे तो एकाच बाजूला आहे. पॅकेट उशिरा नोंदले जाऊ शकते, येण्याआधी कधीच नोंदले जाऊ शकत नाही. त्यामुळे सरासरी घ्याल तर उशीर सरासरीत शिल्लक राहतो. तुम्ही सरासरीऐवजी किमान घेता, ते जास्त शहाणपणाचे. पण निदान एक नमुना तरी बिनअडथळ्याचा मिळाला पाहिजे, या गृहीतावर तो उपाय उभा आहे. निवांत यंत्रावर झोपेतून उठण्याचा खर्च प्रत्येक पॅकेटला पडतो, मोकळा नमुना मिळतच नाही. गजबजलेल्या यंत्रावर झोप नसते, पण रांग असते. म्हणजे किमान उशीर स्वतःच कामाच्या भाराबरोबर सरकतो. आणि घड्याळांच्या फरकात शिरणारी चूक ही दोन टोकांच्या आवकेतल्या उशिरांच्या वजाबाकीची निम्मी असते. दोन्ही यंत्रे सारखीच रेंगाळली तर चूक फिटते. सर्व्हर दमलेला आणि विचारणारा निवांत असेल तर ती तशीच उरते. कोणत्या क्षणी ती मोठी असेल? नेमकी ज्या क्षणी यंत्रणेवर ताण आहे त्या क्षणी, म्हणजे ज्या क्षणाची नोंद पुढे तपासासाठी लागणार आहे तेव्हा.

१४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेच्या ईशान्येकडचा मोठा भाग आणि कॅनडाचा ओंटारिओ प्रांत अंधारात गेला, सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली. दोन्ही देशांच्या संयुक्त तपास पथकापुढे नोंदींचा डोंगर होता, पण घटनांचा क्रम लावणे हेच त्यांचे अवघड काम ठरले. अनेक नोंदींवरच्या वेळा चुकीच्या होत्या आणि त्याची दोन कारणे पथकाने दिली. काही ठिकाणची घड्याळे राष्ट्रीय वेळेशी जुळवलेली नव्हती. काही ठिकाणी मात्र नोंदणारा संगणकच कामाच्या ओझ्याखाली मागे पडला होता. हे दुसरे कारण मला फार महत्त्वाचे वाटते. तिथे घड्याळ बरोबर असते तरी वेळ चुकलीच असती, कारण ती घटनेची वेळ नव्हती, संगणकाला सवड मिळाल्याची होती.

शंकाकार : उदाहरण ठसठशीत आहे, पण त्यातून तुम्ही जास्त काढत आहात. त्या दिवशीच्या चुका नॅनोसेकंदांच्या नव्हत्या. घड्याळे साध्या एनटीपीने जुळवली असती आणि नोंदणारी यंत्रे पुरेशी सक्षम असती तर कार्डातल्या शिक्क्यावाचून क्रम लागला असता. तुम्ही एक तत्त्व दाखवले, त्याचे प्रमाण दाखवले नाही. मिलिसेकंदांनी भागते तिथे नॅनोसेकंद कशाला, हा माझा मूळ प्रश्न तसाच आहे.

पुरस्कर्ता : प्रमाणाचा आक्षेप रास्त आहे, म्हणून आकड्यांतच बोलू. वीजवाहिन्यांवर आता फेजर मापक यंत्रे बसतात. ५० हर्ट्‌झच्या लाटेचा कोन ती एकाच क्षणी ठिकठिकाणी मोजतात. त्यांच्या मानकात एकूण चूक एक टक्क्याच्या आत हवी आणि ती सगळी वेळेच्या खाती टाकली तरी मुभा भरते ३१.८ मायक्रोसेकंदांची. भारतात ५-जी ज्या ३.५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चालते तिथे बोलणे आणि ऐकणे एकाच लहरीवर आळीपाळीने होते. एक मनोरा आपली पाळी सोडून लवकर बोलू लागला तर शेजारच्या मनोऱ्याला फोनचा क्षीण आवाज ऐकूच येणार नाही. म्हणून प्रत्येक मनोऱ्याला सामाईक वेळेपासून दीड मायक्रोसेकंदाच्या आत राहावे लागते. युरोपात ३ जानेवारी २०१८ पासून लागू झालेल्या शेअर बाजाराच्या नियमांत अतिवेगवान सौदे करणाऱ्यांचे घड्याळ जागतिक वेळेपासून १०० मायक्रोसेकंदांहून अधिक ढळता कामा नये. मघाशी सांगितलेले झोपेचे आणि हाकेचे उशीर या मुभांच्या शेजारी ठेवून पाहा. प्रोसेसरला एकदा उठवण्यात फेजर मापकाची सगळी मुभा खर्च होते आणि दीड मायक्रोसेकंदाची तर सुरुवातीलाच संपते. दुकानाच्या साठ्याला कार्डातला शिक्का नको, हे मी मान्य करतो. त्यासाठी तो मागणाऱ्यांच्या बाजूने मी बोलत नाही.

शंकाकार : मग गरज असलेल्यांपुरते बोलू. तिथेही हा शिक्का वाटतो तितका सरळ नाही. पहिली अडचण अशी की कार्ड सगळ्याच पॅकेटांवर शिक्का मारते असे नाही. इंटेलच्या ८२५७६ या चिपला फक्त पीटीपीचे निरोप ओळखू येत आणि शिक्का ठेवायला एकच जागा होती. ती रिकामी होईपर्यंत पुढच्या निरोपाची वेळ हातून जाई. एनटीपीचे पॅकेट तर तिच्या लेखी अनोळखी. दुसरी अडचण मला जास्त गंभीर वाटते. कार्डातले घड्याळ हे संगणकाचे घड्याळ नव्हे. दाराशी एक घड्याळ, माजघरात दुसरे. नोंदी लिहिणारे सगळे प्रोग्रॅम माजघरातले घड्याळ पाहतात. दाराशी तुम्ही ८ नॅनोसेकंदांपर्यंत बरोबर आहात, पण ती वेळ आत नेताना कार्ड आणि प्रोसेसर यांच्यामधल्या पीसीआय एक्स्प्रेसच्या वाटेवर एका वाचनाला मायक्रोसेकंदाच्या आसपास वेळ लागतो, आणि त्या वाचनात नेमक्या कोणत्या क्षणी आकडा उचलला गेला हे कळत नाही. तिसरी गोष्ट, पीटीपीची वेळ आंतरराष्ट्रीय अणुवेळेनुसार चालते आणि संगणकाची यूटीसीनुसार, म्हणजे जागतिक वेळेनुसार. २०१७ पासून त्यांत ३७ सेकंदांचे अंतर आहे. ही एक जुळणी राहून गेली तर नॅनोसेकंदांपर्यंत रेखीव असलेली वेळ ३७ सेकंदांनी चुकते. आणि संगणकाचे घड्याळ चालवणारा स्फटिक? दशलक्षात एक भाग ढळला तरी दिवसाला ८६ मिलिसेकंद जातात, खोलीचे तापमान बदलले की तो ढळण्याचा दरही बदलतो. अशा डळमळत्या घड्याळावर एवढा बारीक शिक्का मारून काय साधते?

पुरस्कर्ता : शेवटापासून सुरुवात करतो. स्फटिक डळमळतो म्हणूनच वरचेवर विचारावे लागते, आणि वरचेवर विचारण्याला अर्थ तेव्हा येतो जेव्हा प्रत्येक उत्तर भरवशाचे असते. सॉफ्टवेअरच्या शिक्क्यावर आठ नमुन्यांतून एक निवडायचा म्हणजे बाकी सात टाकून द्यायचे, आणि तोवर स्फटिक आणखी सरकलेला असतो. कार्डाच्या शिक्क्यावर जवळपास प्रत्येक नमुना कामाचा ठरतो. दूरसंचारच्या जाळ्यांत सेकंदाला सोळा निरोप धाडतात आणि त्या सोळाही निरोपांचे ऐकता येते. म्हणजे बारीक शिक्क्याने डळमळत्या घड्याळाची चाल ओळखता येते. ३७ सेकंदांची चूक खरी आहे, पण ती जुळणीची चूक आहे आणि इतकी मोठी की पहिल्याच तुलनेत उघडी पडते. पॅकेटे न ओळखण्याची अडचण बरीच मागे पडली. ८२५८० आणि आय२१० या इंटेलच्याच पुढच्या चिपा आलेल्या सगळ्या पॅकेटांवर शिक्का मारू शकतात. जिथे जुनीच कार्डे आहेत तिथे क्रोनी या प्रोग्रॅमच्या ४.२ आवृत्तीने मोठी कल्पक वाट काढली : एनटीपीचा निरोप पीटीपीच्या लिफाफ्यात घालून पाठवायचा, म्हणजे कार्ड त्याला आपला समजून शिक्का मारते. दार आणि माजघर यांच्यामधल्या वाटेचा तुमचा मुद्दा मात्र मी हलका करणार नाही. लिनक्समध्ये पॅकेटवरचा कार्डाचा शिक्का प्रोग्रॅमपर्यंत पोचवण्याची सोय २००९ मध्ये आली, कार्डातल्या घड्याळाला स्वतंत्र घड्याळ म्हणून हाताळण्याची २०११ मध्ये. पण या दोन घड्याळांची गाठ घालणे हे काम त्यानंतरही उरले. आता पीसीआय एक्स्प्रेसच्याच मानकात त्या वाटेवर चार नोंदींचा हिशेब करण्याची तरतूद आहे, म्हणजे शहराशहरांमध्ये जो व्यवहार होतो तोच पेटीच्या आत, कार्ड आणि प्रोसेसर यांच्यात. ज्या यंत्रांत ती आहे तिथे ही फट खूप अरुंद होते. नाही तिथे निदान फट किती रुंद आहे हे मोजता येते.

शंकाकार : ‘मोजता येते’ म्हणालात, तिथेच माझी खरी हरकत सुरू होते. आतापर्यंत जी चूक होती ती उडती होती. दर वेळी वेगळी, त्यामुळे पाहणाऱ्याला ती दिसत असे आणि तो आकड्यावर जपून विश्वास ठेवत असे. कार्डाचा शिक्का उडती चूक काढून टाकतो आणि मागे स्थिर चूक ठेवतो. तारेपासून शिक्क्याच्या जागेपर्यंत विद्युत मंडलात काही दहा ते शंभर नॅनोसेकंद जातात आणि चिपेगणिक ते निराळे. शिक्का चौकटीच्या सुरुवातीला मारायचा की शेवटाला, हेही सगळीकडे सारखे नाही. एनटीपीचे एक पॅकेट १०० मेगाबिटच्या तारेवर संपायला साडेसात मायक्रोसेकंद लागतात आणि गिगाबिटच्या तारेवर पाऊण. एका टोकाला एक तार आणि दुसऱ्या टोकाला दुसरी असेल आणि मधला स्विच चौकट पूर्ण घेऊन मगच पुढे पाठवत असेल, तर कोणती कड धरली यावर मायक्रोसेकंदांची चूक कायमची बसते. कायमची बसलेली चूक आलेखावर सरळ रेषेसारखी दिसते, आणि सरळ रेषा पाहिली की माणूस निश्चिंत होतो.

याची किंमत जगाने एकदा उघड्यावर पाहिली आहे. सप्टेंबर २०११ मध्ये ऑपेरा प्रयोगाने जाहीर केले की जिनिव्हाजवळच्या सर्नमधून इटलीतल्या ग्रान सासोपर्यंतचे सुमारे ७३० किलोमीटर न्यूट्रिनोंनी प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पार केले. चुकीची मर्यादा त्यांनी दहाच्या आसपास दिली होती. हजारो न्यूट्रिनोंच्या नोंदी, दोन्ही टोकांना जीपीएसची वेळ, हिशेब अनेक महिने तपासलेला. पुढच्या वर्षी कळले की जीपीएसकडून येणारी वेळ मुख्य घड्याळाला पोचवणारी प्रकाशतंतूची केबल नीट बसलेली नव्हती आणि तिच्यामुळे ७० नॅनोसेकंदांहून अधिक उशीर होत होता. शिवाय एक आंदोलक किंचित वेगाने चालत होता, त्याची चूक उलट्या दिशेची होती. संख्याशास्त्र निर्दोष होते. गोंगाट गाळलेला होता. सगळ्या नमुन्यांत तीच चूक सारखी बसली होती, म्हणून कितीही नमुने घेतले तरी ती दिसणार नव्हती. तुमचा शिक्का आम्हाला याच जागी आणून सोडतो.

पुरस्कर्ता : ऑपेराची गोष्ट अर्ध्यावर सोडू नका. ती चूक पकडली कशी गेली? ग्रान सासोच्याच भूमिगत प्रयोगशाळेत एलव्हीडी नावाचे दुसरे शोधयंत्र होते. वैश्विक किरणांतून निर्माण होणारे काही म्यूऑन डोंगर भेदून दोन्ही यंत्रांतून जात. त्या म्यूऑनांच्या दोन्हीकडच्या वेळा अनेक वर्षांच्या नोंदींतून ताडून पाहिल्या, तेव्हा २००८ ते २०११ या काळात ऑपेराची वेळ ७३ नॅनोसेकंदांनी सरकलेली आढळली. ही तुलना शक्य झाली कारण दोन्ही यंत्रांच्या नोंदी पुरेशा बारीक आणि पुरेशा स्थिर होत्या. त्यांच्यात मायक्रोसेकंदांचा गोंगाट असता तर ७३ नॅनोसेकंदांची सरक त्यात बुडून गेली असती आणि केबल कोणी हात लावून पाहिली नसती. स्थिर चूक फसवते, हे खरे. पण दुसरा साक्षीदार आला की पकडली जाते तीही स्थिर चूकच. उडती चूक फसवत नसेल, पण ती खालच्या सगळ्या चुका झाकून ठेवते.

सर्नमध्येच २००८ च्या सुमारास सुरू झालेल्या व्हाइट रॅबिट या प्रकल्पाने ही गोष्ट टोकाला नेली. कार्डाच्या शिक्क्यावर न थांबता त्यांनी घड्याळाचा ठेकाच तारेवरून पाठवला आणि आलेल्या व गेलेल्या ठेक्यातला कोनाचा फरक मोजून ८ नॅनोसेकंदांच्या पायरीच्या आतले अंतर ओळखले. जाणे आणि येणे एकाच तंतूतून, दोन रंगांच्या प्रकाशाने. काचेत दोन रंगांचा वेग किंचित वेगळा असतो. त्यांचे गुणोत्तर आधी मोजून ठेवायचे, प्रत्येक उपकरणाचा ठरलेला उशीर आधी मोजून ठेवायचा आणि हिशेबातून वजा करायचा. १० किलोमीटरच्या तंतूवर एका नॅनोसेकंदाच्या आत वेळ जुळली. ही पद्धत २०१९ मध्ये पीटीपीच्या मानकातच, आयईईई १५८८ मध्ये, सामावून घेतली गेली. तुम्ही ज्या स्थिर चुकांची यादी दिलीत ती सगळी त्यांनी एकेक करून नावानिशी वजा केली. नाव देता आले, कारण त्या चुका स्थिर होत्या.

शंकाकार : व्हाइट रॅबिटची कामगिरी मी मनापासून मानतो. पण ती कुठे शक्य झाली ते पाहा. तंतू त्यांचा, स्विच त्यांचे, दोन्ही टोके त्यांची. ज्याची सगळी वाट स्वतःच्या मालकीची आहे त्याला वाट मोजता येते. भाड्याच्या वाटेवर काय? मुंबईतल्या एका कंपनीने पुण्यातल्या केंद्रासाठी दूरसंचार कंपनीकडून जोडणी घेतली, तर जाणारा माल एका मार्गाने आणि येणारा दुसऱ्या मार्गाने जाऊ शकतो, आणि मार्ग बदलला तर कोणी कळवेलच असे नाही. काचेत प्रकाशाला किलोमीटरला पाच मायक्रोसेकंद लागतात. येण्याची वाट जाण्याच्या वाटेपेक्षा २० किलोमीटरने लांब असली तर १०० मायक्रोसेकंदांचा फरक पडतो, आणि ‘निम्मा जाण्याला, निम्मा येण्याला’ या गृहीतामुळे घड्याळ ५० मायक्रोसेकंदांनी चुकते. तुम्हीच सांगितलेली फेजर मापकाची ३१.८ ची मुभा त्यात संपली. दोन्ही टोकांना ८ नॅनोसेकंदांचा शिक्का असून. वाटेतले स्विच पीटीपी जाणणारे असतील तर पॅकेट आपल्यापाशी किती वेळ थांबले ते निरोपातच लिहून पुढे पाठवतात. हा रांगेचा उशीर झाला. तंतूच्या लांबीतल्या फरकाबद्दल तेही काही बोलू शकत नाहीत. या ५० मायक्रोसेकंदांची खूण चारही नोंदींत कुठे आढळणार नाही. जाण्यायेण्याचा एकूण वेळ तोच, स्थिर आणि स्वच्छ. निरोपांवर गुप्त खुणा घालून ते कोणी बदलले नाहीत याची खात्री देता येते, पण वाटेत कोणी एकाच दिशेचे पॅकेट मुद्दाम थोडे थांबवले तर त्या खुणाही जशाच्या तशा राहतात.

पुरस्कर्ता : याला कार्डाचा शिक्का उत्तर नाही, हे मी स्वच्छ मान्य करतो. तो वाटेविषयी काहीच सांगत नाही. त्याचे काम एवढेच की यंत्राच्या आतला गोंधळ वाटेच्या माथी मारला जाऊ नये. सॉफ्टवेअरच्या शिक्क्यात ५० मायक्रोसेकंदांची चूक दिसली तर ती प्रोसेसरची, रांगेची की तंतूची, हे विचारायलाही जागा नसते. कार्डाच्या शिक्क्यानंतर प्रश्न एकच उरतो, वाट किती तिरपी आहे. आणि एकच प्रश्न उरला की त्याला बाहेरून उत्तर शोधता येते. दोन्ही टोकांना एकदा जीपीएसची वेळ आणून तिरपेपणा मोजून ठेवता येतो. अनेक यंत्रांच्या जाळ्यात तिसऱ्या-चौथ्या यंत्रामार्गे फेरा घालून वजाबाक्या शून्यावर येतात का ते पाहता येते. २०१८ मध्ये मांडलेल्या ह्युजेन्स या पद्धतीने एकाच डेटा सेंटरमधल्या यंत्रांवर हेच केले. खास स्विच न वापरता, कार्डांचे शिक्के आणि यंत्रायंत्रांमधल्या तुलनांचे जाळे यांवर तिने काही दहा नॅनोसेकंदांपर्यंत वेळ जुळवली. तिथेही शिक्का कार्डाचा होता म्हणून पुढचे गणित उभे राहिले.

शंकाकार : त्या पद्धतीतही जाणे आणि येणे सरासरीने सारखे असते, हा भरवसा कुठेतरी आहेच. मुद्दा मला आता असा दिसतो. चार नोंदींतून समीकरणे दोन निघतात : जाण्याचा उशीर अधिक घड्याळांचा फरक, आणि येण्याचा उशीर उणे घड्याळांचा फरक. अज्ञाते तीन आहेत. नोंदी कितीही बारीक केल्या तरी समीकरणे दोनच राहतात. तिसरे दरवेळी मनातून आणावे लागते, आणि ते मनातून आणले आहे हे पुढे कोणी लिहून ठेवत नाही. लॉगमध्ये वेळ छापली जाते ती दशांशानंतर नऊ अंक घेऊन. न्यायालयात, बाजार नियामकापुढे, अपघाताच्या चौकशीत तो कागद जातो तेव्हा नववा अंक आणि तिसरा अंक एकाच वजनाने वाचले जातात. भारतात सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी संस्थांना आपली घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र (एनआयसी) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेला जोडायला सांगितले. वेळ कोणाची घ्यायची हे त्यात ठरवून दिले. ती घेताना शिक्का कुठे मारला आणि वाटेबद्दल काय धरून चाललो, हे विचारलेले नाही.

पुरस्कर्ता : मग माझीही मागणी तिथेच येऊन थांबते. ज्या नोंदीवर पुढे कोणाची नोकरी, कोणाचा पैसा किंवा कोणाचा दोष ठरणार आहे, तिच्या शेजारी तीन गोष्टी लिहिल्या जाव्यात : शिक्का कार्डाने मारला, कर्नलने की प्रोग्रॅमने, कार्डाचे घड्याळ संगणकाच्या घड्याळाशी किती अंतरात बांधलेले होते, आणि जाण्यायेण्याच्या वाटा सारख्या धरल्या की मोजल्या. हे लिहिण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये करणे अवघड नाही. कार्डाच्या शिक्क्याची मी बाजू घेतो ती यासाठीही, की त्याच्यामुळे पहिल्या ओळीचे उत्तर एका शब्दात देता येते.

शंकाकार : ते लिहिले गेले तर माझी निम्मी हरकत मिटेल. उरलेली निम्मी तिसऱ्या ओळीची आहे, कारण वाट मोजायला जो साक्षीदार आणायचा तोही कुठल्या तरी वाटेनेच येतो. जीपीएसची वेळ गच्चीवरच्या अँटेनापासून खालच्या यंत्रापर्यंत केबलमधून उतरते, तिथे प्रत्येक मीटरला चार ते पाच नॅनोसेकंद जातात, आणि ती केबल किती मीटर आहे हे कोणीतरी टेप लावून मोजून यंत्रात भरावे लागते.